राहणारे : शून्य

केसांना साबण लावून झाला, फेस चांगला आला, आणि नळ गेला.

आधी धार बारीक झाली. मला वाटलं, रबरी नळीवर धाकटीचा पाय पडला असेल. मी तिच्या पायांकडे बघितलं, तिने माझ्याकडे. मग नळीने दोन उचक्या दिल्या आणि ती गप्प झाली. समोर दगडी ओट्यावर त्या बाई आडव्या, त्यांची मान माझ्या डाव्या तळव्यावर, कपाळापासून टाळूपर्यंत पांढरा फेस, आणि पाण्याचा थेंब नाही.

"ताई, दुसरा नळ सोडू?" धाकटी गडबडून म्हणाली.

"दुसरा कुठला गं? इनमीन एक तर नळ आहे आपल्याकडे."

मी आणि माझी धाकटी जाऊ, आम्ही दोघी बायकांना शेवटची आंघोळ घालतो. मोठ्या रुग्णालयाची मागची भिंत जिथे संपते तिथे, गल्लीच्या टोकाला, ही खोली आहे. मध्ये उतरता ओटा, त्याच्या कडेने पाणी वाहून जायला पन्हळ, कोपऱ्यात पाणी तापवायचा बंब, खिडकीला जाड काच. ज्यांचं घर लहान, किंवा ज्यांच्या घरी हे करणारं कुणी उरलेलं नाही, ते आपल्या माणसाला इथे आणतात. पूर्वी माझ्या सासूबाई हे काम करायच्या. त्या थकल्यावर ते माझ्याकडे आलं, आणि धाकटी लग्न होऊन घरात आली तशी माझ्या मागोमाग तीही यायला लागली. मोबदला घ्यायचा नाही, आलेल्याला परत पाठवायचं नाही, आणि सकाळची पहिली आंघोळ झाल्याखेरीज स्वतः पाण्याचा घोट घ्यायचा नाही. एवढे नेम मी पाळते. खोलीत आवाज चढवायचा नाही हा सासूबाईंचा नेम. आणि पाणी ओतण्याआधी सांगायचं, "आता पाणी घालते हं." त्या म्हणायच्या, माणूस गेलं म्हणून काय झालं, न सांगता कुणाच्या अंगावर पाणी टाकतात का?

त्या दिवशीच्या बाई वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या होत्या. हाडं न् कातडं राहिलं होतं, पण केस मात्र कमरेपर्यंत. जटा झालेले, औषधांचा वास मुरलेला. त्यांना घेऊन आलेली लेक बसमध्ये कंडक्टर आहे. ती तशीच कामावरून निघून आली होती, अंगावर गणवेश, खांद्याला तिकिटांची पिशवी. आत येऊन तिने एकच गोष्ट मागितली.

"आई वर्षभर घोकत होती, एकदा डोक्यावरून भरपूर पाणी घ्यायचंय. ओल्या फडक्याने पुसून घेऊन विटले म्हणायची. मी म्हणायचे, जरा बरी हो, मग घालते. ती काही बरी झाली नाही." तिने पिशवीचा पट्टा घट्ट धरला. "तेवढं करा. भरपूर घाला. काटकसर करू नका."

"मुळीच करणार नाही," मी म्हटलं होतं. शब्द दिला होता मी तिला. दुपारी गाडी येणार, मग तिची आई जाणार. त्याच्या आत ते केस धुऊन निघायला हवे होते.

आणि आता फेस कपाळावरून डोळ्यांकडे उतरत होता.

मी पदराने तो टिपला. धाकटी बाहेर जाऊन आली ती तणतणतच. "ताई, ती पेटी लाल झालीय."

ती पेटी म्हणजे नवं मीटर. पूर्वी बाहेरच्या भिंतीवर साधं काट्याचं मीटर होतं. कुणी तरी कधी तरी येऊन वाकून आकडा बघायचं, जाताना दाराबाहेर क्षणभर थांबायचं आणि मान झुकवून जायचं. ते काढून तिथे करड्या रंगाची पेटी बसवली. तिला एक दिवा, एरियलसारखी एक लहानशी दांडी, आणि पोटात आपोआप मिटणारी झडप. पाणी किती गेलं ते ती पेटी स्वतःच नियंत्रण कक्षाला कळवते. माणसाने वाकायची गरज उरली नाही.

हे सगळं आम्हाला पाठ होतं, कारण धाकटीचा नवरा, म्हणजे माझा दीर, त्याच नियंत्रण कक्षात अधिकारी आहे. गेलं वर्षभर आमच्या घरात जेवताना दुसरा विषय नव्हता. "वहिनी, शहराच्या पाण्याची नाडी आता माझ्या बोटाखाली आहे. कुठे गळालं, कुठे मुरलं, बसल्या जागी दिसतं. उद्या दुष्काळ पडो, पूर येवो, आपलं शहर तग धरणार!" सगळे कौतुकाने ऐकायचे. मीही ऐकायचे. खोटं कशाला बोलू, मलाही अभिमान वाटायचा. पाणी वाया जाऊ नये असं कुणाला वाटत नाही? आमच्या खोलीवरची जुनी टाकी काढून नेली तेव्हासुद्धा मी तोंड उघडलं नाही. भाऊजी म्हणाले, आता दिवसरात्र दाबाने पाणी येणार, टाकी म्हणजे गळतीचं माहेरघर. नेली टाकी.

धाकटीने नवऱ्याला फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

"अहो, आमच्या खोलीचं पाणी बंद झालंय."

"कुठल्या खोलीचं?"

"रुग्णालयामागच्या. दुसरी कुठली असणार? राजवाडा आहे का माझा?"

पलीकडे बोटांची टकटक ऐकू आली. "हां, दिसतंय. गळती आहे तिथे. सलग प्रवाह, मध्ये खंड नाही. झडप बरोबर मिटलीय. आजपासूनच सुरू केलंय हे, आणि बघ, पहिल्याच दिवशी पकडली!" आवाजात आनंद होता. परीक्षेत पहिला आलेल्या मुलासारखा.

"गळती नाहीये, आम्ही पाणी वापरतोय!"

"कसं शक्य आहे? ती रिकामी जागा आहे."

धाकटीने माझ्याकडे बघितलं. मी दोन्ही हातांनी त्या बाईंचं डोकं धरून उभी होते.

"रिकामी? मग मी कोण? भूत?"

"तसं नाही गं. नोंदीत आहे ना, राहणारे शून्य. जिथे कुणी राहत नाही तिथे इतका वेळ पाणी वाहिलं म्हणजे गळतीच. साधं गणित आहे."

"ही नोंद केली कुणी?"

टकटक थांबली. मग जरा खालच्या आवाजात, "त्या भागाची मीच केली होती. पण चूक काय आहे त्यात? राहतं का तिथे कुणी?"

इतकी वर्षं मी त्या घरात भाऊजींच्या ताटात वाढलं. रोज सकाळी आम्ही दोघी कुठे जातो हे त्यांना ठाऊक आहे. दुपारी परतल्यावर आम्ही मागच्या दाराने येतो, न्हाणीघरात जातो, कपडे बदलतो, मगच स्वयंपाकघरात पाऊल टाकतो. हे त्यांच्या डोळ्यांसमोर घडतं. लग्नानंतर सुरुवातीला एकदा धाकटी जेवताना काही सांगायला लागली होती, तेव्हा भाऊजी म्हणाले होते, "ते इथे नको." ते "इथे नको" हळूहळू "कुठेच नको" झालं. मित्रांना सांगतात, बायको समाजसेवा करते. कसली, ते सांगत नाहीत. आणि खोलीच्या नावापुढे लिहायची वेळ आली तेव्हा या सज्जन माणसाच्या मनात जे होतं तेच त्यांनी लिहिलं. शून्य.

माझ्या कानांपर्यंत रक्त चढलं. पण खोलीत आवाज चढवायचा नाही.

"झडप उघडा म्हणावं," मी हळूच म्हटलं.

"इथून नाही उघडत, वहिनी," भाऊजी म्हणाले. मी ऐकतेय हे त्यांना आता कळलं होतं. "गळती लागली की अधिकाऱ्याने जागेवर जाऊन बघावं लागतं. तुमच्या भागाचा माणूस परवा मोकळा आहे. तोवर शेजारून बादलीभर आणा की. एवढं काय!"

धाकटीने त्यांचं बोलणं पुरं होण्याआधीच फोन बंद केला. "एवढं काय म्हणे! याच्या डोक्याला साबण लावून उभं करते बाजारात, मग कळेल एवढं काय ते."

शेजार म्हणजे तरी काय? गल्लीत वस्ती नाही. एका बाजूला औषधांचं बंद गोदाम, दुसऱ्या बाजूला एक टायरवाला. त्याचा नळ आमच्याच जोडणीवरचा, तोही कोरडा. बिचारा पंक्चर शोधायचं लोखंडी घमेलं उचलून दाराशी आला. "हे चालेल का?" त्या पाण्यावर तेलाचे सप्तरंगी डाग तरंगत होते. नको म्हणताना मला त्याचीच दया आली.

धाकटी बादली घेऊन रुग्णालयाच्या मागच्या फाटकाकडे गेली. आता हे रुग्णालय म्हणजे आम्हाला परकं नाही. तिथल्याच तर बायका आमच्याकडे येतात. पण ती रिकामी बादली हलवत परत आली.

"फाटकावरच्या दादाने नाही म्हटलं?"

"तो कसला नाही म्हणतोय, रडकुंडीला आला होता. त्यांच्याकडे प्रत्येक विभागाला वेगळं मीटर बसवलंय. भिंतीवर पडदा, त्यावर कुणी किती पाणी वापरलं ते. ज्याचं जास्त, त्याचं नाव लाल. म्हणाला, बाई, एक बादली बाहेर गेली तर आमच्या सिस्टरला उभं करून विचारतात. पाणी देता येईना म्हणून त्याने मला बसायला खुर्ची दिली!"

मला हसूही आलं आणि संतापही. पाणी मोजू नका असं मी कधी म्हणणार नाही. पण माणसाने माणसाला बादलीभर पाणी द्यायला घाबरावं, इतकं मोजायचं? पाणी देणाऱ्याचं नाव लाल आणि न देणाऱ्याचं हिरवं, हा कुठला हिशेब?

तोवर ती लेक दारात आली होती. तिने सगळं ऐकलं होतं. बस भरलेली असतानाही शेवटच्या माणसापर्यंत पोचेल असा आवाज तिचा, पण ती पुटपुटली, "पाणी गेलं का?"

"येईल," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

ती वळली, जवळजवळ धावतच गेली आणि कोपऱ्यावरून विकतच्या पाण्याच्या बाटल्या छातीशी धरून घेऊन आली. धाकटीने एक उघडून आधी माझ्यापुढे केली. "घोटभर घ्या ताई, चेहरा बघा कसा उतरलाय." मी मान हलवली. त्या पाण्याने आम्ही बाईंचे डोळे धुतले, कानांमागचा फेस काढला. बाटलीच्या तोंडातून गुडगुड करत पाणी पडत होतं. लेक बघत होती. वर्षभर आईला असंच, थोडं थोडं, पुसून पुसून. आणि आज इथेही तेच. केसांवरचा फेस सुकायला लागला होता, बटा एकमेकींना चिकटून ताठ होत होत्या.

"राहू द्या," लेक एकदम म्हणाली. "पुसून घ्या. आईला सवय आहे."

हे ऐकलं आणि माझ्या आतलं काही तरी तुटलं. मी ओले हात पुसले, धाकटीकडून फोन घेतला आणि भाऊजींना लावला.

"भाऊजी, तुम्ही अधिकारी आहात ना?"

"हो, पण वहिनी..."

"मग जागेवर येऊन बघा. आत्ता."

"वहिनी, माझा भाग नाही तो..."

"नोंद करताना तुमचा होता."

एवढं बोलून मी थांबले. मी रागावले की घरात कुणाला कळत नाही, कारण माझा आवाज वाढत नाही, उलट उतरतो. भाऊजींना मात्र कळलं असावं. "येतो," म्हणाले.

ते आले तेव्हा सूर्य खिडकीच्या काचेवर आला होता. हातात कार्यालयाचा टॅब, गळ्यात ओळखपत्र. बाहेर पेटीपाशी उभं राहून त्यांनी काही तरी दाबलं, पुन्हा दाबलं. मग दाराच्या बाहेरूनच म्हणाले, "वहिनी, आतला फोटो लागतो. जागेची पाहणी केली म्हणून. तुम्हीच काढून देता का?"

"पाहणी तुमची आणि फोटो मी काढू?"

"अहो, मला... ते..."

"या," धाकटी म्हणाली. "चावत नाही कुणी. चावणारी मी एकटीच आहे."

भाऊजींनी चपला काढल्या. उंबरठ्याशी घुटमळले आणि आत आले. मी चादर बाईंच्या गळ्यापर्यंत नीट ओढून घेतली होती. त्यांनी आधी छताकडे बघितलं, मग बंबाकडे, मग पन्हळीकडे. शेवटी बघावंच लागलं. पांढरा सुकलेला फेस, त्यातून डोकावणारे काळे-करडे केस, मिटलेले डोळे. भाऊजींचा टॅब धरलेला हात खाली आला.

"फोटो काढणार आहात?" मी विचारलं.

"नको."

"आता सांगा. ही जागा रिकामी आहे?"

"वहिनी, मला कल्पना नव्हती इतकं पाणी... तुम्ही दोघी घरी कधी काही बोलत नाही."

"कुणी बोलू दिलं?" धाकटीने तिथल्या तिथे सुनावलं. ओठांवर बोट ठेवून मी तिला खुणावलं, तशी तिने तेच पुन्हा कुजबुजत म्हटलं, आणि कुजबुजत म्हटलेलं जास्तच झोंबलं.

मी म्हणाले, "भाऊजी, मेलेल्या माणसाला पाणी लागतं हे कळायला घरात कुणी सांगावं लागतं का? तुमच्या आईने हे काम केलं. या ओट्याशी उभं राहून त्यांचे गुडघे गेले. तुम्ही या जागेच्या नावापुढे शून्य लिहिलंत, ते यंत्राने नाही लिहिलं. यंत्राला बिचाऱ्याला काय, सांगाल ते ते मानतं."

मग ती लेक बोलली, आणि यावेळी तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल. "माझ्या आईचे केस धुऊन हवेत मला! तुमचं भांडण नंतर मिटवा!" मी तिला गप्प केलं नाही. सासूबाई असत्या तर त्यांनीही केलं नसतं.

भाऊजी बाहेर धावले. पाठोपाठ धाकटी. खरी अडचण तिथेच कळली. रिकाम्या जागेची झडप पाहणीनंतर उघडली तरी पाणी सलग वाहायला लागलं की ती पुन्हा मिटणार होती, आणि नोंद बदलायला वरून परवानगी लागणार होती. एकच उपाय होता. पेटीच्या अंगाला एक हातकिल्ली बसते, तपासणीपुरती. ती फिरवून धरली की झडप उघडी राहते. सोडली की स्प्रिंगने परत मिटते. पेटी जमिनीपासून गुडघाभर उंचीवर. म्हणजे ओणवं बसून, दोन्ही हातांनी, पिळून धरून ठेवायचं.

"धरा मग," धाकटी म्हणाली.

"किती वेळ?"

"बायकांचे केस आहेत. लागेल तितका."

नळीने पुन्हा उचकी दिली आणि पाणी आलं. आधी गढूळ, मग स्वच्छ. मी ते मनगटावर घेऊन बघितलं, गार होतं, पण आता बंब भरून तापवत बसायला वेळ नव्हता. मग वाकून त्या बाईंच्या कानाशी म्हटलं, "आता पाणी घालते हं. उशीर झाला, माफ करा."

फेस सुटायला वेळ लागला. सुकलेला साबण केसांना घट्ट धरून बसला होता. मी बोटांनी एकेक बट मोकळी करत गेले, धाकटी नळी धरून होती. दारापाशी उभ्या लेकीला मी जवळ बोलावलं. "पिशवी ठेवा खाली. तुम्ही घाला." तिने बाह्या मागे सारल्या, नळी हातात घेतली, आणि आईच्या डोक्यावर पाणी सोडलं. भरपूर. ते कपाळावरून, कानांवरून, मानेखालून वाहत पन्हळीत पडत होतं. ती आईशी काही तरी बोलत होती, तिच्या आईलाच ऐकू जाईल असं. आम्ही दोघी बाजूला झालो.

बाहेर भाऊजींचा फोन वाजला. किल्ली सोडता येईना, म्हणून त्यांनी तो खांद्यात आणि कानात दाबून धरला असावा. उघड्या खिडकीतून सगळं ऐकू येत होतं.

"हो सर... हो, मीच आहे तिथे... नाही सर, गळती नाही... पाणी जातंय, बरोबर, लाल दिसणारच... वापर चालू आहे सर... आंघोळ." मग बराच वेळ पलीकडचा माणूस बोलत राहिला. "कोणाची म्हणजे? एका आजींची... नाही सर, हयात नाहीत." पुन्हा पलीकडचं बोलणं. भाऊजींचा आवाज जरा चिरकला. "सोडता येणार नाही सर. अजून झालेलं नाही... नाही सर, मी सोडणार नाही."

धाकटीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "अहो, हात दुखायला लागले का?"

"हो."

"बरं," म्हणाली आणि डोकं आत घेतलं.

गाडी येऊन उभी राहिली तेव्हा केस धुऊन, पुसून, विंचरून झाले होते. लेकीने स्वतः सैल वेणी घातली. ओले केस जड असतात, वेणी तिच्या हातात भरली. ती म्हणाली, "किती आहेत बघा ना अजून." मग तिने माझे दोन्ही हात धरले आणि गाडीबरोबर गेली.

मी ओटा धुतला नव्हता. पाणी बंद झालं होतं, कारण भाऊजींनी किल्ली सोडली होती. ते आत आले, यावेळी न घुटमळता. तळव्यांवर किल्लीचे लाल वळ. टॅब उघडून म्हणाले, "वहिनी, एक युक्ती आहे. नोंद पूर्ण बदलायला दिवस जातील. पण राहणाऱ्यांचा आकडा मी इथून वाढवू शकतो. शून्याच्या जागी दोन टाकतो. तुम्ही आणि ही. मग झडप मिटणार नाही. आत्ता करतो, चालेल?"

युक्ती सोपी होती. एक आकडा. धाकटीने माझ्याकडे आशेने बघितलं.

"आम्ही इथे राहत नाही," मी म्हटलं.

"कागदोपत्री हो!"

"भाऊजी, मी खोटं लिहू देणार नाही. शून्य लिहिलंत तेही खोटं होतं, दोन लिहाल तेही खोटंच. इथे कुणी राहत नाही. इथे माणसं येतात आणि जातात, आणि जाताना त्यांना पाणी लागतं. तसं लिहा."

"त्यासाठी रकानाच नाही."

"मग करा."

"वहिनी, सगळ्या शहराची रचना आहे ती! एका खोलीसाठी..."

"एका?" मी विचारलं. "तुमच्या शहरात अशा शून्याच्या जागा किती आहेत?"

मला उत्तर नको होतं, त्यांना प्रश्न ऐकू यायला हवा होता. कुठे बांधकामावर एखाद्या कामगाराची बायको सहा विटांच्या आडोशाला बाळाला न्हाऊ घालत असेल. कुठे शाळा सुटल्यावर राखणदाराचं कुटुंब चूल पेटवत असेल. कुठे बंद गिरणीच्या आवारात कुणी म्हातारा राहत असेल. कुणी राहत नाही असं कुणी तरी खुर्चीत बसून लिहिलेलं असणार, आणि आज पहिल्याच दिवशी त्या सगळ्यांच्या पेट्या लाल झाल्या असणार. पण त्यांच्यातली कुणी अधिकाऱ्याची बायको नव्हती. त्यांना फोन करायला दीर नव्हता. तग धरणारं शहर म्हणे. तग धरला होता तो या लोकांनी, इतकी वर्षं, तुमच्या नोंदीत नसताना.

हे सगळं मी बोलले. हळू आवाजात, ओल्या ओट्याशी उभं राहून, एकही शब्द न गाळता. धाकटी ऐकत होती. तिने मला इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"आणि रकाना होईपर्यंत?" भाऊजींनी शेवटी विचारलं. "उद्या कुणी आलं तर?"

"येणारच. माणसं मरायची थांबतात का तुमच्या परवानगीसाठी? उद्या सकाळी या आणि किल्ली धरून बसा. तुम्हाला जमत नसेल तर तुमच्या साहेबांना पाठवा. त्यांच्या घरीही कधी तरी लागेलच."

"वहिनी..."

"मी गंमत करत नाहीये."

त्या संध्याकाळी भाऊजी घरी उशिरा आले आणि न जेवताच झोपले. मला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण मी त्यांना उठवायला गेले नाही.

सकाळी खोलीत पोचलो तेव्हा दोन माणसं आधीच बाहेर थांबली होती, आणि आत ओट्यावर त्यांची तरणी बहीण. बाळंतपणात गेलेली. धाकटीने तिच्या चेहऱ्यावरची चादर बाजूला केली आणि तोंड फिरवून घेतलं. मी पेटीकडे गेले. दिवा लालच होता. रकाना एका रात्रीत होणार नव्हता, हे मलाही ठाऊक होतं.

गल्लीच्या तोंडाशी भाऊजी दिसले. एकटेच. साहेब वगैरे कुणी नाही. काखेत घडी केलेलं पोतं होतं. पेटीपाशी त्यांनी ते जमिनीवर अंथरलं, त्यावर गुडघे टेकले, खिशातून किल्ली काढली.

माझा राग गेला नव्हता. एक माणूस पोत्यावर गुडघे टेकून बसला म्हणजे झालं, असं मी आजही मानत नाही. मी त्यांना शाबास म्हटलं नाही आणि त्यांनी ते मागितलं नाही.

"किती वेळ लागेल?" एवढंच विचारलं त्यांनी.

"तरणी पोर आहे," मी म्हटलं. "घाई करणार नाही आम्ही."

त्यांनी मान डोलावली आणि किल्ली पिळून धरली. मी आत गेले, तिच्या कानाशी वाकले आणि नळ सोडला.